आण्णा, गाणं कधी लावणार?

मी बेळगावात डीजे आहे, आणि इथं चार लोकांत गाणं लावायचं म्हणजे आधी भाषा ठरवायला लागते. बाहेरच्या माणसाला हे पटत नाही. पुण्याचा एक दोस्त म्हणतो, अरे लोकांना नाचायचंय, भाषेचं काय घेऊन बसलास. ये म्हणावं एकदा इकडं. मराठी लावलं की मागनं कुणीतरी ओरडतंय, "आण्णा, कन्नड हाड हाक्री" (कन्नड गाणं लावा), कन्नड लावलं की पुढची चार पोरं हात खाली सोडून मोबाइल काढतात, आणि दोन्ही टाळून हिंदी लावलं तर नाचतात सगळे पण कुणाचंच मन भरत नाही. लग्नात हे निभावतं, कारण नवरी गोकाकची नवरा चंदगडचा, दोन्हीकडच्या पाहुण्यांना सांभाळून घ्यायचंच असतंय. मिरवणुकीत मात्र मंडळाचा पोरगा बाजूलाच उभा, पेनड्राइव्ह त्याचा, क्रम त्याचा, आपण फक्त बटण दाबायला. १ नोव्हेंबरच्या आठवड्यात तर मी कामच घेत नाही. गावात एकीकडं कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि दुसरीकडं मराठी लोकांची निषेधाची, काळ्या दिवसाची सायकल फेरी, मध्ये स्पीकर घेऊन उभं राहायची हौस कुणाला आहे.

पण हे झालं पोटापाण्याचं. मनापासनं वाजवतो ते टेक्नो, म्हणजे मशीनवर केलेलं नुसत्या ठोक्याचं नाचायचं संगीत, आणि त्यात शब्द जवळजवळ नसतातच. आता इथं "म्हणून मी टेक्नोकडं वळलो" असं लिहिलं की गोष्ट कशी छान जुळते, पण तसं झालेलं नाही. भाषेचं मला फार नंतर सुचलं. आधी आला तो आवाज.

आमचं घर बेळगावातल्या वडगावला. खाली माग, वर आम्ही. ज्यांनी यंत्रमागावर झोप काढलीय त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी नाही त्यांना सांगून कळणार नाही, पण प्रयत्न करतो. साधा धोट्याचा माग मिनिटाला शंभर ते दीडशेच्या आसपास धोटा फेकतो. एक माग असला की तो नुसता आवाज असतो, डोकं उठवणारा. पण शेजारी शेजारी दोन असले की ते कधीच एका वेगात चालत नाहीत, एक जरासा पुढं सरकत जातो, आधी दोन्ही खटके एकावर एक पडतात, मग त्यांच्यात बारीक फट पडते, फट वाढत वाढत दुसऱ्याचा खटका बरोबर पहिल्याच्या मध्यावर येतो, आणि मग परत हळूहळू एक. हे असं रात्रभर. मी अंथरुणात पडून ते दोघं परत कधी मिळतात ते ऐकत असायचो, अभ्यास सोडून. बाबा जेवत असले आणि खालनं आवाज जरा बदलला की ताटावरनं उठायचे, धागा तुटला म्हणून. आम्हाला काही कळायचं पण नाही काय बदललं ते.

बारावीनंतर कॉलेजात नाव होतं पण मी खरा होतो शहापूरच्या एका डॉल्बीवाल्याकडं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेस चढवायचे, वर टॉप बांधायचे, जनरेटरला डिझेल, वायरींना टेप. कंबर मोडते त्यात, बाकी काही नाही. पण कुठला स्पीकर कुठं ठेवला की काय होतं, बेस भिंतीला चिकटवला की का घुमतो, हे तिथंच कळालं. टेक्नो ऐकवला तो उद्यमबागेतल्या कारखान्यात सीएनसी मशीनवर नाइट शिफ्ट करणाऱ्या एका मित्रानं. त्याला झोप येऊ नये म्हणून तो हे ऐकायचा. मी एक कान लावला, पाच मिनिटं झाली, सात झाली, म्हंटलं अरे सुरू कधी होणार हे. तो म्हणाला, सुरूच आहे की. आणि तेवढ्यात खालचा ठोका तसाच ठेवून वर दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध एक हाय-हॅट, म्हणजे झांजेचा बारीक आवाज, आलं, आणि माझ्या पाठीतनं काहीतरी सरकलं. हे मला माहीत होतं. हा दुसरा माग होता.

घरी ऐकवलं तर आई म्हणाली, "कोण दार ठोकूलालंय काय रे?" बाबांनी पूर्ण ऐकलं. मग म्हणाले, आमचे माग निम्मे भंगारात गेले आणि तू तोच आवाज पैसे भरून ऐकतोस. (सुरतेच्या स्वस्त साड्या, सुताचे भाव, लाइट बिल, वडगाव-खासबागेत कुणालाही विचारा.)

गंमत म्हणजे बाबा जे बोलले ते टेक्नो जिथं जन्मलं त्या डेट्रॉइटच्या बाबतीतही बरंचसं खरं आहे. अमेरिकेतलं गाड्यांचं शहर. सत्तर-ऐंशीच्या दशकात कारखाने बंद पडत होते, जिथं चालू होते तिथं यंत्रमानव येत होते, गोरे लोक उपनगरांत निघून गेलेले. त्याच शहराबाहेरच्या बेलव्हिल गावातल्या शाळेतली तीन काळी पोरं, हुआन अ‍ॅटकिन्स, डेरिक मे, केव्हिन सॉन्डरसन. रेडिओवर इलेक्ट्रिफाइंग मोजो नावाचा निवेदक रात्री काय वाटेल ते लावायचा, काळ्या लोकांचं नाचायचं फंक लावायचा आणि त्याला लागून जर्मनीच्या क्राफ्टवर्कचं थंडगार मशीनचं संगीत लावायचा, आणि ह्या पोरांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. अ‍ॅटकिन्सनं १९८५ मध्ये मेट्रोप्लेक्स नावाचं स्वतःचं लेबल काढलं. १९८८ ला इंग्लंडात डेट्रॉइटच्या ह्या गाण्यांचा एक संग्रह निघाला, त्याच्या नावातच टेक्नो होतं, तिथनं ते नाव जगभर गेलं. म्हणजे जे आज लोकांना गोऱ्यांचं, युरोपचं, श्रीमंत पोरांचं वाटतं ते मुळात काळ्या पोरांनी केलंय. माझ्या सेटला येणाऱ्या निम्म्या लोकांना हे माहीत नसतं आणि मी सांगायला लागलो की ते कोल्ड्रिंक आणायला जातात.

मशीनचं पण तसंच. रोलंडचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन १९८३ साली बाजारात आलं, खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून खपलं नाही, वर्ष-दोन वर्षांत कंपनीनं बंद केलं. मग ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं आणि ज्यांच्याकडं पैसे नव्हते त्यांनी घेतलं. त्याच कंपनीचं ३०३, ते तर गिटार वाजवणाऱ्याला बेसची साथ मिळावी म्हणून केलेलं, ते पण पडलं, आणि १९८७ च्या सुमाराला शिकागोच्या पोरांनी त्याची बटणं नको तितकी पिळून नाचायचं एक नवं संगीत, अ‍ॅसिड हाउस काढलं. आता ह्याच्यावर आपला एक माणूस आहे आणि ह्याच्यासाठी मी कुणाशीही भांडायला तयार आहे. मुंबईच्या फिल्मी ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ ला, म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी, हेच ३०३ आणि रोलंडचंच ८०८ ड्रम मशीन घेऊन दहा रागांची एक रेकॉर्ड केली. कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती परत निघाली आणि जग तोंडात बोट घालून बसलं. सत्तरी ओलांडल्यावर ते युरोपात जाऊन वाजवून आले, २०१५ ला गेले. त्यांना अ‍ॅसिड वगैरे काही माहीत नव्हतं, त्यांना फक्त भैरव त्या डबड्यातनं काढायचा होता. एकदा सेटच्या मध्यावर मी त्यातला तुकडा लावला, तर एक काका, जे भाच्याला न्यायला आले होते, ते दारातच थांबले आणि मान हलवायला लागले.

बर्लिनचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळीकडं वाचायला मिळतं. १९८९ च्या नोव्हेंबरात भिंत पडली, पूर्वेकडं रिकाम्या इमारती, मालक कोण ते कुणालाच माहीत नाही, पोलीस गोंधळलेले. १९९१ ला एका जुन्या मोठ्या दुकानाच्या तळघरातल्या तिजोरीच्या खोलीत ट्रेझर क्लब सुरू झाला आणि डेट्रॉइटचे लोक तिथं येऊन वाजवायला लागले. पूर्व आणि पश्चिम जर्मनीची पोरं पहिल्यांदा एकत्र आली ती बरीचशी अशा तळघरांत. २०२४ मध्ये जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नो संस्कृतीला देशाच्या अमूर्त वारशाच्या यादीत घातलं. आमच्याकडं अजून डीजे म्हंटलं की मुलगी देत नाहीत.

आता हातानं करायचं काय असतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं आम्ही नुसतं हेडफोन मानेवर अडकवून हात वर करतो. (करतात काही जण. त्यांचे पैसे माझ्यापेक्षा जास्त असतात.) एक ट्रॅक समजा १३० च्या वेगात चाललाय, म्हणजे मिनिटाला १३० ठोके, दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदापेक्षा कमी अंतर. दुसरा ट्रॅक हेडफोनात. तो १३०.१ वर असला तर सुरुवातीला सगळं छान वाटतं, पण एका मिनिटात तो सेकंदाच्या शंभर भागांतले चार-पाच भाग पुढं जातो आणि एवढ्यानंच ठोका फाटतो, घोडा अडखळल्यासारखा. नाचणाऱ्याला कळत नाही काय झालं पण त्याचा पाय थांबतो. आजकाल सिंक बटण आहे, मशीन स्वतः जुळवतं, ते वापरणाऱ्याला मी नावं ठेवत नाही. पण मी कानानंच जुळवतो, पिच, म्हणजे ट्रॅकचा वेग, जरा वर, जरा खाली, दोघं मिळेपर्यंत, कारण मला तेवढंच तर येतं, लहानपणापासनं. मग नव्या ट्रॅकचा बेस पूर्ण बंद ठेवून त्याला आत आणायचं, सोळा-सोळा ठोक्यांच्या हिशेबानं थांबायचं, आणि बरोबर वळणावर जुन्याचा बेस काढून नव्याचा द्यायचा. दोन बेस एकत्र कधी वाजवायचे नाहीत. नुसता गडगडाट होतो, ठोका मरतो.

खरी शिकवणी मात्र मला दिली ती खानापूर तालुक्यातल्या एका हलगीवाल्या मामांनी. गावाकडच्या जत्रेत त्यांचं ऐकलं होतं, म्हंटलं एकदा माझ्या मशीनबरोबर वाजवून बघूया. घराच्या मागं अंगणात बसलो. मामांनी आधी कागद पेटवले, हलगी त्याच्यावर धरली, फिरवली, टिचकी मारली, परत धरली. पावसाचे दिवस, कातडं सैल पडलेलं. सुरात यायला पंधरा-वीस मिनिटं लागली आणि तेवढा वेळ माझं ९०९ चं सॉफ्टवेअर आपलं ठक ठक ठक ठक चालूच. मग ते एका हातात टिपरू आणि एका हातात काडी घेऊन सुरू झाले आणि थोड्या वेळानं थांबले.

"तुझं मशीन दमत न्हाई," ते म्हणाले, "म्हणून कटाळा येतोय."

मी म्हंटलं मामा, टेक्नो तसंच असतंय. ते म्हणाले, "असू दे की. पण माणूस दमतोय नव्हं? नाचणारा दमला की आम्ही जरा मागं येतो, हात हलका करतो, त्यानं श्वास घेतला की परत चढवतो. तू कुणाकडं बघतोस वाजवताना?"

मी लॅपटॉपकडं बघत होतो. त्या दिवसापासनं लॅपटॉप आडवा, बाजूला. ठोका बदलायचा नाही पण दर थोड्या वेळानं काहीतरी काढून घ्यायचं, टाळी काढली, हॅट काढलं, कधी ठोकाच काढला आणि नुसती खालची घरघर ठेवली, लोक जागच्या जागी डुलतात, श्वास घेतात, कुणी पाणी पितं, आणि मग एकेक करून परत. एकादशीच्या भजनाला रात्रभर बसलेल्यांना हे माहीत आहे. विलंबित अभंग, मग लय वाढत वाढत गजर, टाळ एकदम टिपेला, आणि धाडकन खाली येऊन नुसती वीणा. पहाटे काकड आरतीपर्यंत माणूस असाच टिकतो. जे डीजे दर दोन मिनिटांनी सायरन वाजवून "हात वर" म्हणतात त्यांच्याकडं तासाभरात पब्लिक गार पडलेलं असतं, ते मग आवाज वाढवतात. दुसरं करणार काय.

माझं म्हणणं एवढंच आहे की नाचणारा नाचता नाचता थोडा वेळ स्वतःचं आडनाव, गाव, पक्ष विसरला पाहिजे, आणि त्याला वेळ लागतो. गाणं साडेतीन मिनिटांत ते करू शकत नाही. गाण्यात शब्द असतात आणि शब्द कळला की आमच्याकडं माणसाला लगेच आपण कोण ते आठवतं. एकदा एका गोदामात आम्ही चाळीस-पन्नास लोक होतो, वडगावचे विणकर, केएलई कॉलेजची कन्नड पोरं, कॅम्पातले काही जण, दोन-तीन तास नुसता ठोका, आणि बाहेर चहाला आल्यावर मी बघितलं की एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलायचं ह्यावर लोक अडखळूलालेत. आत अडखळत नव्हते. सुळेभावीत जन्मलेले, कानडी घरातले कुमार गंधर्व मराठी माणसानं आपलेच मानले आणि बेळगावच्या रंगमंदिराला त्यांचं नाव आहे, त्यावर कुणी मोर्चा काढल्याचं ऐकलं नाही. सुरांपुरतं आम्हाला जमतं कधीकधी.

पण शब्द काढले की सगळे सारखे झाले असं पण नाही, हे भाबडेपण मी दहा जणांत ऐकलंय. दारात कोण उभं आहे त्यावर सगळं ठरतं. चोर्ला घाट उतरून आम्ही गोव्याला जायचो, केए-२२ ची, म्हणजे बेळगाव नंबरची गाडी, चार पोरं, आणि एका क्लबच्या दारात आमचे चप्पल बघून सांगितलं की जोडीशिवाय प्रवेश नाही. मागनं आलेले चार परदेशी मात्र आत. आत काय वाजत होतं तर डेट्रॉइटचं संगीत. हसायला येतंय आता.

शिकागोचा वेअरहाउस क्लब, जिथं फ्रँकी नकल्स १९७७ पासनं वाजवायचे आणि ज्याच्यावरनं हाउस संगीताला नाव पडलं म्हणतात, तिथं मुख्यतः काळे आणि लॅटिन समलिंगी लोक यायचे, ज्यांना बाकी कुठं असं नाचता येत नव्हतं. न्यूयॉर्कात डेव्हिड मँक्युसो १९७० पासनं स्वतःच्या घरात पार्टी करायचे, दारू विकायची नाही, ओळखीतनं बोलावणं. हे वाचलं तेव्हा मला एकदम सौंदत्ती आठवली. यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला जावा. कोल्हापूर, सांगली, सोलापूर, विजापूर, कुठनं कुठनं बैलगाड्या, ट्रॅक्टर, एसटी. सगळं पिवळं, भंडाऱ्यानं. आणि तिथं नाचाच्या मधोमध कोण असतं तर जोगती आणि जोगप्पा, म्हणजे देवीला वाहिलेल्या बायका आणि तृतीयपंथी, डोक्यावर देवीचा जग, म्हणजे मुखवट्याची टोपली घेऊन, हात न लावता, चौंडक्याच्या ठोक्यावर. गावात ज्याला हसतात त्याच्या तिथं पाया पडतात. मंजम्मा जोगतींना २०२१ ला पद्मश्री मिळाली, त्याआधी त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या होत्या. बाकीच्या जोगतींचे हाल काय आहेत ते वेगळं सांगायला नको, देवदासीचा काळा इतिहास पण त्याच डोंगरावरचा आहे, मी त्याला सजवून सांगणार नाही. पण नाचायची जागा कुणाच्या हातात असावी ह्याचा एक नमुना आपल्या जिल्ह्यातच आहे, बर्लिनला जायला नको.

बायकांचं पण तेच. आमच्या मिरवणुकीत पोरं नाचतात आणि बायका गॅलरीतनं बघतात. आमच्या पार्टीत पहिल्यांदा मैत्रिणी आल्या तेव्हा त्यांनी सांगितलं की एका बाजूची ट्यूबलाइट चालू ठेवा आणि आत-बाहेर करायची वाट मोकळी ठेवा. माझ्या डोक्यात बर्लिनचा काळोख. ट्यूबलाइटमध्ये कसलं टेक्नो म्हंटलं. आता कायम चालू असते. वातावरण बिघडलेलं नाही.

गोळ्या-पावडरीचं लोक विचारतातच. आमच्याकडं नाही. कुणी आणलं तर संगीत बंद, एवढं सरळ आहे. पार्टीत गेलेल्या पोरांच्या बातम्या गोव्यातनं येतात, त्यांचे आईबाप असतात कुठंतरी.

आणि आवाज. मी डॉल्बीत काम केलेला माणूस आहे म्हणून बोलायचा हक्क आहे मला. ८५ डेसिबलला आठ तास ठीक, तिथनं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, १०० ला पंधराच मिनिटं, हा अमेरिकेतल्या कामगारांसाठीचा हिशेब आहे. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढं पोरं तीन-तीन तास असतात. चांगला आवाज म्हणजे मोठा आवाज नव्हे, बेस छातीत लागला पाहिजे आणि शेजारच्याशी ओरडल्याशिवाय बोलता आलं पाहिजे. सन २००० च्या ध्वनी नियमांप्रमाणं रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर स्पीकर बंद, सणासुदीला वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट. पोरं शिव्या घालतात ह्या नियमाला. मला बरा वाटतो, पलीकडच्या घरात म्हातारी माणसं असतात. इंग्लंडनं तर १९९४ ला उघड्यावरच्या पार्ट्या बंद करायला कायदा केला आणि त्यात लागोपाठ येणाऱ्या ठोक्यांचं संगीत असं लिहूनच टाकलं, म्हणजे त्या हिशेबानं आमचा माग पण बेकायदेशीर.

तर आम्ही संध्याकाळी पाचला सुरू करतो आणि दहाला बंद. शिफ्टवाल्यांना बरं पडतं, पोरींना घरी जायला बस मिळते. फर्माइश घेत नाही. तरी दर वेळी कुणीतरी नवीन येतं, अर्धा तास उभं राहतं आणि मग माझ्याजवळ येऊन विचारतं, "आण्णा, गाणं कधी लावणार?" मी म्हणतो अजून अर्धा तास थांब, नाही आवडलं तर चहा माझ्याकडनं. चहाचं बिल अजून तरी झेपतंय.

सध्या अडलंय ते जागेवर. गोदामाच्या मालकानं तिथं आता कांदा भरलाय. नवीन जागा बघितली ती पत्र्याच्या शेडची आहे, बेस लावला की सगळा पत्रा थरथरतोय, कडेनं गोधड्या आणि पोती टांगून बघितलं, वरचा आवाज सुधारला पण खालचा तसाच. अनगोळ, मजगाव, उद्यमबाग ह्या बाजूला कुणाचा काँक्रीटचा हॉल रिकामा असेल, जवळ घरं नसलेला, तर सांगा. आणि अठरा इंचाचे दोन बेस भाड्यानं पाहिजेत, पण फाटलेले कोन चिकटवून दिलेले नकोत, मी बघितल्याबरोबर ओळखतो.